बडोद्याचे विहंगम चित्र

मांडवीखाली उभ्या राहिलेल्या माणसाला जुन्या बडोद्याची आखणी दिसत नाही. ती त्याला कोणीतरी सांगावी लागते. चारी बाजूंना कमानी, त्या कमानींतून वाट काढणाऱ्या रिक्षा, कपड्यांची आणि दागिन्यांची दुकाने, डोक्यावर तारांचे जाळे, एवढेच काय ते त्याच्या नजरेत भरते. शंभर-दीडशे फूट वर गेलेल्या डोळ्याला मात्र एका क्षणात उमगते की, सोळाव्या शतकाच्या प्रारंभी वसलेले हे तटबंदीचे शहर एका मोठ्या फुलीप्रमाणे आखलेले आहे. मांडवी ह्या फुलीचा मध्य असून तिच्यापासून निघालेले चार रस्ते लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट ह्या चार दरवाजांना जाऊन भिडतात. चारशे-पाचशे वर्षे ही आकृती जमिनीवर पडून आहे. तिच्यावरून रोज चालणाऱ्या लाखो माणसांपैकी फार थोड्यांनी ती डोळ्यांनी पाहिली असेल.

हा उंचावरचा डोळा आता कॅमेऱ्याच्या दुकानात विकत मिळतो. ड्रोन ह्या नावाने तो सर्वांच्या परिचयाचा झाला असून लग्नाच्या वरातीवर आणि नवरात्रातील गरब्याच्या मैदानावर त्याची घरघर ऐकू येते. राजवाडा, सूरसागर, सयाजीबाग ह्यांची विहंगम चित्रे घ्यावीत, अशी हौस बडोद्यातील तरुण छायाचित्रकारांना वाटणे अगदी स्वाभाविक आहे. त्या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. परंतु ह्या विशिष्ट शहरात ती पुरी करणे वाटते तितके सोपे नाही, आणि त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

आकाशातून छायाचित्र घेण्याची कल्पना ड्रोनच्या कितीतरी आधीची आहे. नादार ह्या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५८ साली पॅरिसजवळ फुग्यातून वर जाऊन पहिले आकाशचित्र घेतले. पुढे १८८८ साली आर्त्यूर बात्यू ह्याने फ्रान्समध्येच पतंगाला कॅमेरा बांधला. १९०६ साली भूकंपाने आणि आगीने उद्ध्वस्त झालेल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचे जे विख्यात छायाचित्र जॉर्ज लॉरेन्स ह्याने घेतले, तेही पतंगांच्या माळेला टांगलेल्या कॅमेऱ्यातूनच. उत्तरायणाच्या दिवशी साऱ्या गच्च्या माणसांनी फुलून जाणाऱ्या बडोदेकराला ही गोष्ट विशेष जवळची वाटावी. येथे एक गमतीची माहिती सांगण्याजोगी आहे. १९३४ च्या भारतीय विमान अधिनियमात विमानाची जी व्याख्या होती तिच्यात फुगे आणि ग्लायडर ह्यांच्या पंक्तीला पतंगाचाही समावेश होता. हा अधिनियम जाऊन त्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. हवेत उडणारी वस्तू ही आकाशाच्या सार्वजनिक व्यवहारात भाग घेते, मग ती कागदाची का असेना, हे तत्त्व कायद्याने नव्वद वर्षांपूर्वीच मानले होते.

छायाचित्रणाचे बडोद्याशी असलेले नातेही जुने आहे. महाराज सयाजीराव गायकवाड तिसरे ह्यांच्या कारकिर्दीत प्रा. त्रिभुवनदास गज्जर ह्यांच्या पुढाकाराने १८९० साली येथे कलाभवन सुरू झाले. दादासाहेब फाळके ह्यांनी आपल्या उमेदवारीच्या काळात छायाचित्रणाची विद्या ह्याच कलाभवनात संपादन केली. त्याच वर्षी लक्ष्मीविलास राजवाडाही पुरा झाला. मेजर चार्ल्स मँट ह्यांनी त्याचा आराखडा केला, परंतु १८८१ साली त्यांचा मृत्यू झाल्याने उरलेले काम रॉबर्ट चिझम ह्यांनी तडीस नेले. सोनगडचा पिवळा दगड, आग्र्याचा तांबडा आणि पुण्याकडचा निळसर काळा दगड, हे तिन्ही त्या भिंतींत आहेत. त्याच्या छतावरील घुमट, छत्र्या आणि मनोरे यांची दाटी खालून अर्धीमुर्धीच दिसते. चिझम ह्यांच्याच कल्पनेतला कला महाविद्यालयाचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणारा असून त्याचे पूर्ण वर्तुळ वरूनच पाहावे. उलट कीर्तिमंदिराची गोष्ट. नंदलाल बोस ह्यांनी रंगविलेली तेथील भित्तिचित्रे आत, भिंतींवर आहेत. ड्रोन कितीही वर गेला तरी त्याला ती दिसणार नाहीत. शहराचे सगळेच सौंदर्य उंचावरून हाती लागते, असा जो समज अलीकडे पसरला आहे त्याला एवढे एक उदाहरण पुरे.

आता यंत्राकडे वळू. छायाचित्रणासाठी वापरल्या जाणाऱ्या सामान्य ड्रोनला चार पाती असतात. त्यांतील दोन एका दिशेने व दोन विरुद्ध दिशेने फिरतात, त्यामुळे यंत्र स्वतःभोवती गरगरत नाही. पुढे जावयाचे असल्यास मागच्या पात्यांचा वेग वाढतो आणि यंत्र पुढे किंचित झुकते. हा तोल एका सेकंदात शेकडो वेळा सावरण्याचे काम आतील संगणक करतो. उपग्रहांच्या संकेतांवरून तो आपली जागा ओळखतो. हे सारे इतके निर्वेध चालते की, यंत्र हवेत खुंटीला टांगल्यासारखे स्थिर दिसते. फसगत होते ती ह्या स्थिरपणामुळेच. विमानाचे इंजिन बंद पडले तरी पंखांच्या आधाराने ते तरंगत काही अंतर जाते. पतंगाची दोरी तुटली तरी तो हेलकावे खात हळूहळू उतरतो. ड्रोनला पंखही नाहीत आणि दोरीही नाही. चारांपैकी एक पाते तुटले की सामान्य ड्रोन थेट खाली येतो.

किती जोराने? याचा हिशेब शाळेतील गणिताने करता येतो. साठ मीटर, म्हणजे सुमारे दोनशे फूट उंचीवरून सुटलेली वस्तू साडेतीन सेकंदांत जमिनीवर आदळते. हवेचा विरोध सोडून दिला तर त्या वेळी तिचा वेग ताशी १२० किलोमीटरहून अधिक असतो. प्रत्यक्षात हवेमुळे तो बराच कमी होईल. तरीही नऊशे ग्रॅमच्या ड्रोनात त्या उंचीवर साठलेली शक्ती आणि तिसऱ्या मजल्याच्या, म्हणजे दहा मीटर उंचीच्या, गच्चीवरून सुटलेल्या साडेपाच किलोच्या कुंडीची शक्ती सारखीच. कोणीही शहाणा मनुष्य अशी कुंडी रस्त्यावर डोलत ठेवणार नाही. शिवाय फिरती पाती हात कापू शकतात, ती गोष्ट वेगळीच.

ह्या साडेतीन सेकंदांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सेकंदाला दहा मीटर वेगाने पुढे जाणारा ड्रोन बंद पडला तर तो होता त्या जागेखाली पडत नाही. पस्तीस मीटरपर्यंत पुढे जाऊन पडतो. म्हणून 'माझ्या यंत्राखाली कोणी नव्हते' हे उत्तर अपुरे आहे. ज्या दिशेने ते चालले होते त्या दिशेच्या पुढल्या पट्ट्यातही कोणी नसले पाहिजे. मांडवीच्या परिसरात दिवसा असा रिकामा पट्टा सापडणे जवळजवळ अशक्य. सूरसागरावर तो सापडतो, कारण खाली पाणी आहे. मात्र तलावाच्या काठचा रस्ता सदैव वाहता असतो. वरून सरळ खाली पाहणाऱ्या सत्तर अंशांच्या भिंगाला साठ मीटरवरून सुमारे ८४ मीटर रुंदीचा प्रदेश दिसतो. मांडवीसारख्या वास्तूसाठी त्याच्या निम्मी उंचीही पुरते. फार उंच गेल्याने चित्र भव्य होते, ही नवख्या माणसाची समजूत असते; बहुधा ते नकाशासारखे सपाट आणि नीरस होते.

परंतु बडोद्याची खरी अडचण आहे ती विमानतळाची. हरणीचा विमानतळ शहराच्या ईशान्येला, जवळजवळ शहराला चिकटून आहे. सरळ रेषेत मोजले तर तेथून मांडवी पाच किलोमीटरही भरत नाही. सयाजीबाग साधारण तेवढ्याच अंतरावर, आणि लक्ष्मीविलास राजवाडा सहा किलोमीटरच्या आसपास. धावपट्टी ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणारी असून तिची रेषा नैर्ऋत्येला वाढविली तर ती शहराच्या अंगावरूनच जाते. विमाने ज्या वाटेने उतरतात किंवा वर चढतात, त्या वाटेखाली हे शहर वसलेले आहे.

केंद्र सरकारने २५ ऑगस्ट २०२१ रोजी जे ड्रोन नियम जारी केले त्यांत आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे तीन विभाग पाडले आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीची जरुरी नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही सूट २०० फुटांवर येते. त्याहून आत ती मुळीच नाही. पिवळ्या विभागात विमान वाहतूक नियंत्रण कक्षाची आणि लाल विभागात केंद्र सरकारची परवानगी लागते. ह्याचा अर्थ उघड आहे. बडोद्याच्या ज्या वास्तूंची नावे वर आली त्यांपैकी एकही अशी नाही की जिच्यावर कोणीही, केव्हाही, आपल्या मर्जीने ड्रोन उडवावा. 'इतके लोक उडवितात, त्यांना कोण विचारतो?' असे कोणी म्हणेल. उत्तर असे की, परवानगी देणाऱ्या कक्षाला आकाशात काय काय आहे हे ठाऊक असावे लागते; न विचारता उडणारे यंत्र त्याच्या हिशेबातच नसते.

ह्या बेहिशेबी यंत्रांनी काय होते, त्याचे दाखले आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये लंडनजवळच्या गॅटविक विमानतळावर ड्रोन दिसल्याच्या वार्तेवरून उड्डाणे दीड दिवस विस्कळीत झाली आणि सुमारे एक लाख चाळीस हजार प्रवासी खोळंबले. २०१७ साली कॅनडातील क्वेबेक येथे उतरू पाहणाऱ्या लहान प्रवासी विमानावर ड्रोन आदळला. सुदैवाने विमान सुखरूप उतरले. सर्वांत बोलका प्रसंग जानेवारी २०२५ मधला आहे. लॉस एंजलिसला वणव्यांनी वेढले असता कोणा हौशी माणसाचा ड्रोन आगीवर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखात घुसला आणि ते विमान ऐन गरजेच्या वेळी जमिनीवर अडकून पडले. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्याच्या वस्त्यांतून शिरले, ती आठवण अद्याप ताजी आहे. पुराचे दृश्य टिपण्याचा मोह अशा वेळी दांडगा असतो. परंतु गच्चीवर अडकलेल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर येण्याचा संभव असलेल्या आकाशात खाजगी ड्रोनला जागा नाही. बचावाचे काम करणाऱ्या पथकांनी मागणी केली तरच त्याने उडावे.

विमानतळाखेरीज इतरही हद्दी आहेत. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, कारागृह, लष्कराच्या छावण्या ह्यांच्या वाटेस जाऊ नये, हे वेगळे सांगावयास नको. पण एका वास्तूबाबत मोह आवरणे कठीण जाते. ती म्हणजे दक्षिणामूर्तीचे मंदिर. लष्कराच्या यांत्रिकी विद्यालयाने १९६६ साली ते उभारले. ब्रिगेडियर ए. एफ. युजीन ह्या ख्रिस्ती अधिकाऱ्याच्या कल्पनेतून ते साकार झाले, आणि हिंदूंचा कलश, मुसलमानांचा घुमट, ख्रिस्ती मंदिराचा मनोरा अशी निरनिराळ्या धर्मांची चिन्हे त्याच्या रचनेत एकवटली आहेत. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांनी मढविलेले त्याचे अंग उन्हात असे काही चमकते की, आकाशातून ते कसे दिसत असेल ह्याची कल्पनाच करीत राहावे. कल्पनाच करावी. ते लष्करी हद्दीत आहे.

राजवाड्याची गोष्ट निराळी. ते गायकवाड घराण्याचे निवासस्थान आहे. तेव्हा आकाशाची परवानगी मिळाली तरी मालकांची संमती हवी. प्रतापनगरचा हजिरा किंवा बडोद्याबाहेर चांपानेर-पावागड येथील प्राचीन इमारती पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली असल्याने तेथे त्या खात्याला विचारावे लागते. आणि ह्या सर्वांवर पोलिस आयुक्तांचे हुकूम असतात. रथयात्रा, मोठ्या व्यक्तींची भेट, तणावाचे दिवस अशा वेळी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली ड्रोनला मनाई होऊ शकते. मे २०२५ मध्ये सीमेवर संघर्ष पेटला तेव्हा साऱ्या गुजरातेत काही दिवस फटाके आणि ड्रोन दोन्ही बंद होते. म्हणून गेल्या महिन्यात चालले ते आज चालेलच असे धरून चालू नये. विभागांचा सरकारी नकाशादेखील उड्डाणाच्या दिवशी पुन्हा पाहावा.

यंत्राच्या नोंदणीविषयी थोडक्यात. २५० ग्रॅमपर्यंतचे यंत्र अतिसूक्ष्म आणि त्यापुढे दोन किलोंपर्यंतचे सूक्ष्म गणले जाते. २५० ग्रॅमहून जड यंत्राला नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि त्रयस्थाच्या नुकसानभरपाईचा विमाही उतरवावा लागतो. दोन किलोंपर्यंतचे यंत्र केवळ हौसेखातर उडविणाऱ्यास चालकाचे प्रमाणपत्र लागत नाही. परंतु लग्नसमारंभाचे पैसे घेऊन चित्रण करणारा मनुष्य सूक्ष्म यंत्र उडवीत असेल तर त्याला ते लागते. हा भेद पुष्कळांना ठाऊक नसतो.

परवानगी हाती आल्यावरही निसर्गाची संमती उरतेच. मे महिन्याच्या उन्हात बॅटरी तापते. पावसाळ्यात ओल यंत्रात शिरते. जमिनीवर पानही हलत नसताना शंभर फुटांवर वारा जोरात असू शकतो. वाऱ्याच्या दिशेने गेलेले यंत्र सहज दूर जाते आणि परतताना त्याच वाऱ्याशी झुंजत दुप्पट वीज खाते. ह्यासाठी अनुभवी छायाचित्रकार आधी वाऱ्याच्या तोंडावर जातात, येताना वारा पाठीशी घेतात आणि बॅटरीचा तिसरा हिस्सा शिल्लक असतानाच यंत्र उतरवून घेतात. संपर्क तुटल्यास आपोआप परत येण्याची सोय बहुतेक यंत्रांत असते. परंतु ती ठरवून दिलेल्या उंचीवरून सरळ रेषेत परत येण्याची सोय आहे. सूरसागरातील शंकराची मूर्ती शंभर फुटांहून उंच आहे. परतीची उंची ऐंशी फूट ठेवून मूर्तीच्या पलीकडे गेलेले यंत्र येताना कोठे आदळेल, हे सांगावयास नको. तेव्हा वाटेतील सर्वांत उंच वस्तूपेक्षा ही उंची अधिक ठेवावी, अर्थात परवानगीच्या मर्यादेत. तसे जमत नसेल तर ती वाटच सोडावी.

घारी हा बडोद्याच्या आकाशातील दुसरा पक्ष. विशेषतः विणीच्या दिवसांत घरट्याजवळ आलेल्या ड्रोनवर त्या झडप घालतात. घार घिरट्या घालू लागली की चित्र सोडून यंत्र खाली आणावे. ह्यात यंत्राइतकेच पाखराचेही रक्षण आहे. आणि उत्तरायण! १४ आणि १५ जानेवारीस बडोद्यावर दोऱ्यांचे छत असते. राष्ट्रीय हरित अधिकरणाने २०१७ साली नायलॉनच्या मांज्यावर बंदी घातली, तरी त्याचे तुकडे अजून सापडतात. पात्यात असा दोरा गुंतला की मोटार जागच्या जागी थांबते. सण उलटल्यावरही कित्येक आठवडे झाडांवर आणि खांबांवर मांजा लोंबत असतो. वरून तो दिसत नाही. उत्तरायणाचे आकाश टिपावयाचे असेल तर उंच गच्चीवर तिपाई रोवून साधा कॅमेरा वापरावा. चित्र तितकेच सुंदर येते.

गच्चीवरून आठवले. बडोद्यातील पोळांमध्ये आणि दांडिया बाजाराच्या जुन्या वाड्यांत गच्ची हे घराचे अंगण असते. तेथे पापड वाळतात, बायका केस सुकवितात, मुले अभ्यास करतात. रस्त्यावरून जाणाऱ्याला ते दिसू नये म्हणूनच ते वर असते. त्या गच्चीवर अचानक डोळा येऊन उभा राहिला तर घरच्यांना राग येणे रास्तच होय. सूर्योदयानंतरचा पहिला तास हा चित्रासाठी उत्तम, कारण तिरप्या उन्हाने घुमट आणि कमानी उठून दिसतात; रस्तेही त्या वेळी मोकळे असतात. त्या वेळीच काम उरकावे, शेजाऱ्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवावे, आणि कॅमेरा वास्तूवरून घराकडे वळू देऊ नये. मनोऱ्यावरून बांग चालू असता, देवळात आरती किंवा चर्चमध्ये उपासना चालू असता माथ्यावर घरघर करणे हेही टाळावे.

उडविण्यापूर्वी पाती चिरलेली नाहीत ना, बॅटरी फुगलेली नाही ना, हे पाहावे. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. ती पुन्हा वापरू नये आणि कोणतीही बॅटरी चार्ज होत असताना निजू नये. चालकाने नजर पडद्यावर खिळवून ठेवण्याचा धोका मोठा असतो, म्हणून एक सोबती बरोबर असावा. त्याने फक्त यंत्राकडे आणि आकाशाकडे पाहावे. विमान किंवा हेलिकॉप्टर नजरेस पडले अथवा त्याचा आवाज आला की तत्काळ यंत्र उतरवावे. आकाशात वाटेचा पहिला हक्क माणसे वाहून नेणाऱ्या विमानाचा असतो.

इतके करूनही अपघात घडलाच तर नियमाप्रमाणे ४८ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. जखमी माणसाची व्यवस्था अर्थातच त्याआधी. आणि सयाजीबागेवरून परतताना यंत्र विश्वामित्रीत पडले तर ते आणावयास काठ उतरून जाऊ नये. त्या पात्रात शेकडो मगरी आहेत. पाण्याबाहेर डोके न काढता त्या काठाशी पडून असतात. वन खात्याच्या माणसांना कळवावे, आणि यंत्र नाहीच मिळाले तर विम्याचे कागद काढावेत.